खाणीतल्या मंगळावरून

मंगळदिवस चौथा
(बाहेर जानेवारीची सहा तारीख असावी)

तीर्थरूप वन्संना, आहे तिथून पृथ्वीच्या दिशेने वाकून नमस्कार.

पत्र लिहायला चार दिवस लागले, कारण तुम्हाला काय तोंड दाखवू ते कळत नव्हतं. पत्रात तोंड दिसत नाही हे आज लक्षात आलं, म्हणून बसले लिहायला.

वन्सं, मी मुद्दाम काही केलेलं नाही. अर्ज तुमचा होता. मी आले होते ती तुमची पिशवी आणि पाण्याची बाटली धरायला. त्या तपासणीच्या खोलीत अवकाशवीराचा पांढरा पोशाख टांगलेला दिसला आणि तुमचे डोळे लहान मुलीसारखे झाले. नर्सबाईने तुमच्या दंडाला पट्टा गुंडाळला तो नेमका तेव्हाच. आकडा चढला. शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून तिने माझ्याही दंडाला पट्टा लावला. मला त्या पोशाखाकडे बघून एवढंच वाटत होतं की हा धुवायचा कसा आणि वाळायला किती दिवस घेईल. त्यामुळे माझा दाब शांत.

मग कप्तानबाईंनी आत बोलावून विचारलं, "अवकाशाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" मी म्हटलं, "काही नाही. आमच्या वन्संना सगळं माहिती आहे. त्या सांगतात तेव्हा मी धान्य निवडत असते." त्या म्हणाल्या, "आम्हाला असंच एक माणूस हवंय." म्हणजे पाच शिकलेल्यांबरोबर एक घरकाम करणारी बाई महिनोन्महिने कोंडून घातली तर काय होतं ते बघायचं. प्रयोगाला उंदीर घेतात ना, तसं. फक्त हा उंदीर मॅट्रिक झालेला.

तर अशी मी मंगळावर आले. मंगळ म्हणजे बंद पडलेल्या दगडखाणीच्या तळाशी उभारलेला पांढरा घुमट. आत नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा वास येतो. सहा खाटा, एक लांब टेबल, खिडकीच्या जागी पडदा, आणि त्या पडद्यावर दिवसभर मंगळाचं चित्र. मंगळावर वजन तिसऱ्या हिश्श्याइतकं होतं असं तुम्ही सांगायचात. खाणीत ते होतं तेवढंच राहिलंय, उलट जिन्यावर जरा जास्तच वाटतं.

हे पत्र मी कागदावर लिहून देते. तारवाला (आमचा यंत्रवाला हो, सगळ्या तारा त्याच्या ताब्यात) ते बाहेरच्या खोलीत पाठवतो. तिथला कारकून छापून घेतो आणि वीस मिनिटं टेबलावर नुसतं ठेवतो, कारण मंगळावरून निरोप पोचायला तेवढा वेळ लागतो. मग पोस्टात टाकतो. पुढे पोस्ट चार दिवस लावतं, त्याला कोणी काही म्हणत नाही.

घरी सगळं ठीक आहे ना? यांना साखर सापडते का? तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. नसाल तर तेही लिहा, म्हणजे मला कळेल की रागावलाय.

तुमची,
वहिनी


१४ जानेवारी

चि. सौ. वहिनीस, पृथ्वीवरून आशीर्वाद.

मी मुळीच रागावलेली नाही. भिंतीवरचा ग्रहांचा तक्ता मी उतरवला तो धूळ झटकायला. झटकून झाल्यावर परत लावायचा राहिला, एवढंच.

पहिल्याप्रथम चूक दुरुस्त करते. "मंगळावर आले" असं तू लिहितेस. तू खाणीत गेलीस. मंगळावर अजून कोणीही गेलेलं नाही, आणि गेलं तर ते पोशाख कसा धुवायचा याचा विचार करत जाणार नाही.

वाचनालयात आमचं चौघांचं अवकाश मंडळ बसतं ते तुला ठाऊकच आहे. तिथे मला सगळ्यांना सांगावं लागलं की निवड घरातच झाली, पण माझी नाही. निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, "म्हणजे ज्या तुम्हाला चहा देतात, त्या?" मी म्हटलं, "त्याच." मग त्या दिवशी चहा कोणी घेतला नाही.

वहिनी, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवला. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे लांबलांबचे फोन जोडले, स्वतः कधी लांब गेले नाही. जेवणाच्या सुट्टीत अवकाशकथांची मासिकं वाचायची, एवढंच माझं लांब जाणं. सिनेमात यानाचा स्फोट होऊन मोठा आवाज झाला की मी उभी राहून ओरडायची, "तिथे हवा नाही, आवाज कुठून येईल?" भाऊ माझ्याबरोबर सिनेमाला यायचा बंद झाला तो त्यामुळे. असो.

आता गेलीच आहेस तर डोळे उघडे ठेव. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो, तुमची घड्याळं तशी लावली आहेत का? मंगळावर सूर्यास्ताच्या वेळी सूर्याभोवतालचं आकाश निळसर दिसतं, ते पडद्यावर दाखवतात का? आणि बाहेर पोशाख घालून फिरून आल्यावर आतल्यांना जळक्या लोखंडासारखा वास येतो, असं खरे अवकाशवीर सांगतात. तुम्हाला येतो का?

भाऊला साखर सापडत नाही. रोज मी दाखवते, रोज तो नव्याने शोधतो. शास्त्रज्ञ व्हायचा तो.

तुझी,
वन्सं


मंगळदिवस सतरावा

तीर्थरूप वन्संना साष्टांग.

तुमच्या पत्राने घुमटात मला मान मिळाला. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं (चहाचं वगळून). कप्तानबाई म्हणाल्या, "या बाई कोण आहेत?" मी सांगितलं की याच त्या, ज्यांच्या जागी चुकून मी आहे.

घड्याळं मंगळाची आहेत. रोज थोडी थोडी मागे पडतात. पहिल्या आठवड्यात माझी सकाळची प्रार्थना पहाटे होती, आता बाहेरच्या हिशेबाने ती भरदुपारी पडते. दिवा लावायला बंदी आहे, कारण हवा मोजून मिळते. मी हात जोडून नुसती बसते. देवाला म्हटलं, तुझ्याकडे घड्याळ कुठलं आहे ते तूच बघ, मी इथल्या नियमाने चालते.

निळा सूर्यास्त दाखवतात! मला तो रोज दिसत होता आणि मी समजत होते पडदा बिघडलाय. तारवाल्याला तीनदा सांगितलं की बाबा, जरा ठोकून बघ. तुमचं पत्र आल्यावर त्याच्याकडे जाऊन तक्रार मागे घेतली. आता मी खुर्ची ओढून बघत बसते. डोंगर काळे होतात आणि मधे थंड दुधासारखा निळा उजेड. तुम्ही असता तर गप्प बसला असता, आणि तुम्हाला गप्प बसलेलं मला बघायचं होतं.

जळका वास येतो, पण तो इथल्या चुलीसारख्या यंत्राचा. त्यात पाकिटं गरम करायची. पाकिटावर काय आहे ते लिहिलेलं असतं आणि खाल्ल्यावरही ते वाचावंच लागतं. एक बाई घुमटात पालेभाज्या उगवतात, त्यांना मी माळीणबाई म्हणते; कोठारावर नेमणूक माझी झाली. रिकामी पाकिटं मी धुऊन, पुसून, थप्पी लावून ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "लागतील." "मंगळावर?" "मंगळावर तर लागतीलच, तिथे दुकान कुठे आहे?" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. शहाणपण म्हणून की लक्षण म्हणून, ते विचारायची हिंमत झाली नाही.

आता खरी बातमी. प्रयोगाच्या बरोबर मध्यावर दार एकदा उघडणार आहे. आतला एक कोणी बाहेर जाऊ शकतो आणि राखीव यादीतला पहिला माणूस आत येऊ शकतो. एकच. मी यादी पाहिली. राखीव यादीत पहिलं नाव तुमचं आहे, वन्सं! फक्त रक्तदाबाची तपासणी पुन्हा द्यायची. मी कप्तानबाईंना सांगते की मी उतरते. मला काय, पाच मिनिटांत पिशवी भरते. तुम्ही तपासणीला जा आणि खोलीत पोशाख टांगला असेल तर डोळे मिटून बसा.

तुमची,
वहिनी


३० जानेवारी

माझ्या गुणी वहिनी,

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग भाऊला वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला, "म्हणजे ती येणार आणि तू जाणार?" आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी कोणासाठी वाईट वाटून घ्यावं ते मला कळेना.

मीठ सोडलं. सकाळी मोठ्या रस्त्याने पुलापर्यंत चालते. काल तपासणीला गेले. पोशाख होताच तिथे. मी डोळे मिटले आणि मनात टेलिफोनचे जुने नंबर म्हणत बसले. नर्सबाई म्हणाली, "झोप लागली का?" आकडा उत्तम आला. कागदावर शिक्का मिळाला. तो कागद मी उशीखाली ठेवते, यावरून माझी अक्कल किती राहिली आहे ते ओळख.

वाचनालयात सांगून टाकलं. स्टेशनमास्तर उठून उभे राहिले. सामानाचा अर्ज भरला, त्यात "व्यक्तिगत वस्तू" या रकान्यात काय लिहू ते सुचत नाही. सुनसान ग्रहावर माणसाने काय न्यावं यावर मी आयुष्यभर लोकांशी वाद घातले. आता चष्म्याची दुसरी जोडी आणि गुडघ्याचं मलम लिहून आले.

मंगळावरच्या तुझ्या त्या माळीणबाई पालेभाज्या उगवतात ना, त्यांना विचार, पाण्यातलं अस्वल म्हणतात असा डोळ्यांना न दिसणारा जीव त्यांनी पाहिला आहे का. तो वाळून कोळ होतो, वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि थेंबभर पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतो. एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

कप्तानबाईंना नक्की सांगितलंस ना? त्या काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीस.

तुझी,
वन्सं


मंगळदिवस एकतिसावा

तीर्थरूप वन्संना नमस्कार.

घाईत लिहिते. कप्तानबाई फार कामात आहेत, बोलायला सवड मिळाली नाही. उद्या-परवा बोलते.

दरम्यान तुम्हाला इथली खरी परिस्थिती कळवणं माझं कर्तव्य आहे. वन्सं, इथे राहणं सोपं नाही. खाटा अरुंद. कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. नळाला पाणी एवढं बारीक की हात ओले झाले की नाही ते दुसऱ्याला विचारावं. शौचकूपाबद्दल पत्रात लिहिता येत नाही. डॉक्टर घोरतात. माळीणबाई झाडांशी बोलतात आणि झाडांच्या वतीने उत्तरही देतात. पोशाख अंगाला काचतो, तुमच्या खांद्यांना तर नक्कीच काचेल. जिना उभा आहे, तुमच्या गुडघ्यांचं काय? मीठ कमी आहे, पण तुम्ही ते सोडलंच आहे म्हणा. हवा कोरडी, तुमचा घसा धरेल. वाचायला उजेड पिवळा. निळा सूर्यास्त म्हणजे तरी काय, पडदाच तो. दोन आठवडे पाहिल्यावर त्यात काही राहत नाही.

तुम्ही नीट विचार करा एवढंच म्हणायचं आहे. माझं काय, मी कुठेही राहते.

वहिनी


७ फेब्रुवारी

सौ. वहिनी,

तुझ्या तक्रारी वाचल्या. दोनदा वाचल्या.

तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुला बघते आहे. मोरी गळायची, तू बोलली नाहीस. स्वयंपाकघरात पंखा नाही, तू बोलली नाहीस. माझी मासिकं तुझ्या कपाटात शिरली, तरी नाही. जे तुला आवडत नाही त्याबद्दल तू तोंडातून अक्षर काढत नाहीस. तक्रार करतेस ती एकाच वस्तूची, गॅलरीतल्या खुर्चीची. "ती डगमगते हो वन्सं, तुम्ही नका बसू." तू गेल्यावर मी बसून पाहिलं. ती कणभरही डगमगत नाही. फार छान खुर्ची आहे.

तुला तिथे आवडलं आहे.

हे कळल्यावर मी आधी ताट आपटलं. भाऊने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुझी बायको मंगळावर रमली." तो म्हणाला, "मग मी काय करू?" त्याचा हा प्रश्न मला पहिल्यांदाच रास्त वाटला.

मी सगळ्या गल्लीला सांगून बसले आहे. दूधवाला मला "अहो मंगळवाल्या" म्हणतो. ते हसू मी सोसेन, मला सवय आहे. पण पुढच्या वर्षी साठीच्या वरच्यांना घेणार नाहीत असं कार्यालयाने कळवलं आहे, आणि पुढच्या वर्षी मी साठीच्या वर असेन. म्हणजे हीच वेळ. जागा सोड असं मी तुला म्हणणार नाही. म्हणायचं होतं, ते इथे लिहून झालं.

नाव द्यायची मुदत या आठवड्यात संपते. काय ते कळव. पण खोटं लिहू नकोस. तुला ते येत नाही, पाणी बारीक आहे आणि हात ओले झाले की नाही वगैरे.

वन्सं


मंगळदिवस चाळिसावा

वन्सं,

चोर पकडला गेला. खुर्ची डगमगत नाही.

आता खरं लिहिते, वाचून हसा. इथे एक कप्पा आहे, त्यावर माझ्या कामाचं नाव छापलंय: "कोठार". तो दुसरं कोणी उघडत नाही. एवढ्या वर्षांत माझं असं काही बंद राहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी डॉक्टर एक कागद घेऊन समोर बसतात आणि विचारतात, "आज तुम्हाला कसं वाटलं?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कोणाला?" ते म्हणाले, "तुम्हाला." मी एवढी गोंधळले की यांना कसं वाटत असेल ते सांगून मोकळी झाले. आता मला उत्तर देता येतं. कालचं उत्तर पाठपोट दोन कागद झालं. डॉक्टरांची पेन्सिल झिजली.

आणि इथे "आज काय करायचं?" असं कोणी मला विचारत नाही. पाकिटावर लिहिलेलं असतं. मला वाटलं होतं मला स्वयंपाकाची आठवण येईल. स्वयंपाकाला माझी आली असेल.

मी देवाजवळ रोज म्हणते, मला काही नको. बायका म्हणतात तसं सवयीने म्हणते. आणि दगडखाणीतल्या एका प्लास्टिकच्या खाटेपुढे ते सगळं उघडं पडलं. लोक हिरेमाणकांवर जीव टाकतात. मी टाकला तो "कोठार" लिहिलेल्या कप्प्यावर.

तुमचं पत्र वाचून मी प्रार्थना केली, वेणी घातली आणि कप्तानबाईंकडे गेले. मनात वाक्य घोकलेलं: "मी उतरते, वन्संना घ्या." त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "बोला." मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "तारवाल्याला घरी जायचंय."

वन्सं, ते मला माहीत होतं, पण ते त्याने मला विश्वासाने सांगितलं होतं. पाकिटांची थप्पी लावताना. दार बंद झालं आणि आठवड्याभरात त्याला मुलगी झाली. तिचा एकच फोटो त्याच्याकडे आलाय, तो यंत्रावर उघडतो, मिटतो, उघडतो. "काकू, कोणाला बोलू नका," म्हणाला. "निवड व्हावी म्हणून मी पाय धरले होते. वडिलांनी गावजेवण घालायचं तेवढंच बाकी ठेवलं होतं. आता कोणत्या तोंडाने जाऊ?" मी म्हटलं होतं, "माझ्या पोटात राहील." राहिलं ते बरोबर माझी खाट जायची वेळ येईपर्यंत.

देवाने माझ्या तोंडून वदवलं असं म्हणायचा मोह झाला. पण माझ्या आपमतलबात त्याला कशाला ओढू? बोलले ती मी.

कप्तानबाईंनी त्याला बोलावलं. तो लाल झाला, त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी कोठारात जाऊन बसले. दिवसभर माझ्याशी बोलला नाही. जेवताना माझं पाकीटही त्याने गरम केलं नाही, गारच पुढ्यात ठेवलं. मी गारच खाल्लं, ते मला योग्य वाटलं. आज सकाळी उठले तर तो माझ्या खाटेशी उभा, बूट घालून, पिशवी पाठीला. दार उघडायला अजून तीन दिवस आहेत याची मीच त्याला आठवण करून दिली. म्हणाला, "माहितीय काकू. सवय करतोय." मग खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "पुन्हा मात्र तुम्हाला काही सांगणार नाही."

तो उतरतोय. राखीव यादीत पहिलं नाव तुमचं. कप्तानबाई म्हणाल्या, तारांचं काम कोण बघणार? मी म्हटलं, आमच्या वन्संनी जन्मभर एक्स्चेंजमध्ये ताराच जोडल्या. कप्तानबाईंनी तुमचा कागद काढून बघितला आणि माझ्यावर ओरडल्या, "हे आधी का नाही सांगितलं?" आता याला मी काय उत्तर देणार होते?

या, वन्सं. खाटा खरंच अरुंद आहेत.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचणार नाही म्हणून कप्तानबाई कारकुनाला ते फोनवरून तुम्हाला वाचून दाखवायला सांगणार आहेत. वीस मिनिटं तो थांबेलच. खुर्चीचं त्याला कळलं तर कळू दे.


१५ फेब्रुवारी

वहिनी,

कारकुनाने वाचून दाखवलं. "माझी खाट जायची वेळ" इथे आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "बाई, इथे मी जरा पाणी पितो." सभ्य माणूस आहे.

त्या पोराचा विश्वास तू मोडलास हे वाईट केलंस, आणि मी ते वाईट म्हणूनच लिहिते. त्याचा फायदा मला झाला म्हणून ते चांगलं होत नाही. आत आल्यावर यावर तुझ्याशी भांडायचं आहे. फार उशीर लावणार नाही.

भाऊला सांगितलं की आम्ही दोघी आत. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, "दोघी?" मी म्हटलं, "दोघी." म्हणाला, "मग घरी कोण?" मी म्हटलं, "भाऊ, मोजून बघ, आपण तिघं होतो." त्याला वेळ लागला. मग म्हणाला, "मी सोडायला येतो."

हे पत्र मी स्वतःच्या हाताने त्या कारकुनाकडे देणार, तो ते वीस मिनिटं ठेवणार, आणि तोपर्यंत मी दारात असेन. यापुढे तुला काही सांगायचं तर तोंडावर सांगावं लागेल. एकाच घरात इतकी वर्षं राहून आपण दीड महिन्यात जेवढं बोललो तेवढं कधी बोललो नव्हतो. तोंडावर जमेल का, याची मला मंगळापेक्षा जास्त धास्ती वाटते.

वन्सं


मंगळदिवस त्रेचाळिसावा

अहो, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. एका घरात असल्यावर लिहायचं कारण पडत नाही. मायना काय घालायचा ते डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "आजवर कशी हाक मारायचात?" म्हणून "अहो".

वन्सं पोचल्या. तुम्ही फाटकापाशी बराच वेळ उभे होतात असं कारकुनाने कळवलं. तारवाल्याला तुम्ही रिक्षा करून दिलीत हेही कळलं. त्याबद्दल मला फार बरं वाटलं, डॉक्टरांच्या कागदावर आज तेच लिहिलं.

आता झालं ते सांगते. दोन दारांच्या मधल्या खोलीत माणसाला थोडा वेळ उभं राहावं लागतं. आम्ही आतल्या काचेशी गोळा झालो. कप्तानबाईंनी टेप चालू केली, कारण दुसऱ्या ग्रहावर पाऊल ठेवणाऱ्याचं पहिलं वाक्य जपून ठेवायचं असतं म्हणे. माझं ठेवलेलं आहे. मी म्हणाले होते, "चपला कुठे काढू?" वन्संनी मात्र एक वाक्य तयार केलं होतं. एक्स्चेंजमध्ये होत्या तेव्हापासून, आणि कोणाला सांगितलेलं नाही. मला पोशाखाच्या काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पाठ करत होत्या.

आतलं दार उघडलं. वन्संनी उंबरा ओलांडला, डोक्यावरचं ते भांड्यासारखं काढलं. केस सगळे विस्कटलेले. पडद्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, दीर्घ श्वास घेतला. मागे दार बंद झालं, ते आता शेवटच्या दिवसापर्यंत उघडणार नाही. आणि वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, मी दूध तापवायला ठेवलं होतं. गॅस बंद केला का मी?"

टेपवर आलं. कप्तानबाई म्हणाल्या, "हवं तर पुसू, पुन्हा म्हणा." वन्संचे डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "नको. माझंच आहे ते."

तुम्ही दोघं घरातून बरोबर निघालात, तेव्हा तुम्ही परत पोचेपर्यंत काय ते झालं असेल. हे पत्र आधी वीस मिनिटं आणि मग चार दिवस घेणार, तेव्हा तुम्हाला कळवण्यात अर्थ नाही हे मलाही कळतं. तरी वन्संचा जीव थाऱ्यावर नाही. पोशाखसुद्धा उतरवेनात. कप्तानबाईंना म्हणतात, दार उघडा, मी धावत जाऊन बघून येते.

मग मी त्यांचा हात धरून त्यांना माझ्या खाटेवर बसवलं.

म्हटलं, "वन्सं, घरी माणूस आहे."